गिटार घेऊन बसताना



गिटार कशी वाजवावी हे मी आज सांगणार नाही. ते रेडिओवरून सांगता येण्याजोगे नाही, आणि माझा तेवढा अधिकारही नाही. मी कॉलेजात इतिहास शिकवणारा माणूस. गिटार हा माझा फावल्या वेळचा नाद, आणि तोही पस्तिशी जवळ आल्यावर लागलेला. पण वाजवण्याच्या आधी एक गोष्ट येते, ती म्हणजे वाद्य घेऊन बसणे. तिच्याविषयी चार शब्द बोलण्याचा हक्क मात्र मी कमावला आहे. चुकीचे बसून मी स्वतःचा खांदा वर्षभर दुखवून घेतला. आणि त्याहून वाईट म्हणजे, एका मुलीचे शिकणे माझ्या अज्ञानामुळे मोडले. ती हकीकत पुढे येईलच.

तुम्ही म्हणाल, बसण्यात एवढे शिकायचे ते काय? माणूस उठतो तसा बसतो. अगदी खरे. पण आपल्या घरातलीच एक गोष्ट आठवून पाहा. बाई मूल कडेवर घेऊन घरभर वावरते. कंबर जराशी बाजूला काढून तिच्यावर मूल बसवलेले असते, आणि डाव्या हाताचा त्याला नुसता वेढा असतो. सगळा भार कमरेवर. म्हणूनच उजव्या हाताने ती दाराची कडी काढते, तव्यावरची भाकरी उलटते, वेळ पडली तर दुसऱ्या पोराला धपाटाही घालते. तेच मूल एखाद्या नवख्या बापाच्या हाती द्या. तो त्याला दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरून उभा राहतो. पाच मिनिटांत त्याचे दंड भरून येतात, मूलही किरकिरू लागते, आणि दरम्यान बापाच्या हातून दुसरे कोणतेही काम होत नाही.

वाद्याचे नेमके असेच आहे. भार अंगाने घ्यायचा आणि हात मोकळे ठेवायचे. आपल्या सतारियांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सतार वाजवणारा उजवा पाय डाव्यावर घेऊन बसतो, भोपळा डाव्या पावलाशी टेकवतो आणि उजव्या हाताचा कोपराखालचा भाग त्या भोपळ्यावर टाकतो. एवढ्यावर ती लांबलचक दांडी तिरपी उभी राहते. डाव्या हाताने तिला सावरायचे नसते. तो हात पडद्यांवरून वरखाली धावायला आणि तार ओढून मींड काढायला मोकळा असतो. नवशिक्याला सतारीचे उस्ताद आरंभीचे दिवस बैठकीतच घालवायला लावतात, ते काही उगाच नव्हे.

गिटार शिकणाऱ्याला आपल्याकडे असे कोणी बसवत नाही. दुकानातून वाद्य आणायचे, कॉटवर बसायचे, समोर गादीवर मोबाइल ठेवायचा आणि त्यातल्या माणसाची बोटे पाहत सुरुवात करायची, असा सध्याचा रिवाज आहे. मीही तेच केले. माझी कॉट मधे खोलगट झालेली होती. त्या खोलगटात बसले की पाठीची कमान व्हायची, गुडघे वर यायचे, गिटार पोटावर आडवी पडायची. मान खाली. तासाभराने उठताना डावा खांदा कानाशी चिकटल्यासारखा वाटे. मी समजलो, वय झाले आता.

मग एका मे महिन्यात गोव्याला एका मित्राच्या घरी गेलो होतो. सासष्टीतले जुने घर, पुढे बलकांव, त्यात दोन बाजूंना दगडी बाक. संध्याकाळी तिथे बसून मी माझी गिटार काढली. मित्राचे एक वृद्ध मामा शेजारी होते. उमेदीची वर्षे त्यांनी मुंबईला वाद्यवृंदात वाजवण्यात घालवली होती. त्यांनी माझे एक गाणे शांतपणे ऐकून घेतले. मला वाटले, आता सुरांबद्दल काही बोलतील. ते म्हणाले, “मास्तर, दोन्ही हात काढा बघू.”

मी हात काढले. गिटार मांडीवरून घसरली ती थेट फरशीकडे. त्यांनीच ती वरच्यावर धरली.

“पडते ती,” ते म्हणाले. “म्हणजे आतापर्यंत तुम्ही ती धरत होता. मग वाजवत कोण होता?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पण त्या संध्याकाळपासून मी ही परीक्षा सोडलेली नाही, आणि तुम्हालाही प्रथम तीच सांगतो. बसल्यावर आधी डावा हात वाद्यापासून दूर करा. मग तो ठेवून उजवा करा. गिटार जागची हलता कामा नये. हलली, तर अजून बसणे झालेले नाही.

आता ती हलू नये म्हणून काय करायचे? गिटारच्या पेटीचा आकार आठवा. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी ती मधे बारीक असते. ही तिची कंबर, आणि ती मांडीवर बसावी म्हणूनच जणू झालेली आहे. प्रश्न एवढाच, की कोणत्या मांडीवर?

स्पेनमध्ये, जिथे या वाद्याचे आजचे रूप घडले, तिथल्या मोठमोठ्या वादकांनीही या प्रश्नावर डोके घासले आहे. फेर्नांदो सोर (१७७८–१८३९) हा थोर वादक. त्याने १८३० साली पॅरिसला गिटारवर एक ग्रंथ छापला. त्यात तो वाद्याचा भार टेबलाच्या कोपऱ्यावर टेकवायला सांगतो. त्याचा समकालीन दिओनिसियो आग्वादो (१७८४–१८४९) याने तर गिटार धरून ठेवणारी एक तिपाईच करवून घेतली. वाद्य तिपाईवर, माणूस शेजारी, दोन्ही हात मोकळे. आपल्याला हसू येते. पण ही माणसे वेडी नव्हती. त्यांच्या वेळची गिटार अंगाने लहान आणि अरुंद होती, ती मांडीवर नीट ठरत नसे, आणि हाताने धरले तर बोटे अडकतात हे त्यांनी ओळखले होते. पुढे आल्मेरियाच्या आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या कारागिराने पेटी मोठी केली. फ्रान्सिस्को तारेगाने (१८५२–१९०९) ही मोठी गिटार हाती घेतली आणि डाव्या पायाखाली लहानसा ठोकळा ठेवून ती डाव्या मांडीवर बसवली. ठोकळ्याची रीत त्याच्या आधीही होती. पण त्याच्यामुळे आणि त्याच्या शिष्यांमुळे ती पक्की झाली, आणि आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) जगभर हिंडून मैफली करू लागला तेव्हा सगळ्या जगाने ती पाहिली.

ही बैठक तुम्ही आता करून पाहा. एक लाकडी खुर्ची घ्या, हात नसलेली, बसायला सपाट. सोफा नको, कॉट नको, चाकांची खुर्चीही नको. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसा, पाठ टेकवू नका. बसताना एकदा दोन्ही तळहात बुडाखाली घालून पाहा. दोन टणक हाडे हाताला लागतील. त्या दोन्ही हाडांवर सारखा भार पडला पाहिजे. पाठ सरळ म्हणजे कवायतीतल्यासारखी ताठ नव्हे. डोक्यावर हलकी घागर आहे असे समजून जसे चालाल, तसे बसा. खांदे एकदा कानांपर्यंत उचला आणि सोडून द्या. जिथे ते पडतील ती त्यांची जागा.

आता डाव्या पावलाखाली वीतभराहून कमी, म्हणजे १२ ते १५ सेंटिमीटर उंचीचा ठोकळा ठेवा. उजवा पाय थोडा बाजूला आणि थोडा मागे. गिटारची कंबर डाव्या मांडीवर, पेटीचा खालचा फुगीर भाग उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला, पाठीची वरची कड छातीला अलगद टेकलेली, आणि वरच्या कडेवर उजव्या हाताचा कोपराखालचा भाग. अशा चार ठिकाणी ती अंगाला लागते. चार पायांची बाज डुगडुगत नाही, तशीच हीही. मान आपोआप डावीकडे वर चढते आणि खुंट्या साधारण डोळ्यांच्या उंचीला येतात. उजव्या हाताने जोर लावून दाबायचे नसते, हाताचे स्वतःचे वजन पुरते. गिटारची कड हाताला रुतत असेल तर बाही खाली ओढून घ्या. रुतवून ठेवले, तर बोटांना मुंग्या येतात. डावखुऱ्यांनी हे सारे आरशात पाहिल्यासारखे उलटे करायचे.

या बैठकीतही खोट आहे, तीही सांगितली पाहिजे. एक पाय उंच ठेवला की कमरेची एक बाजू वर उचलली जाते, आणि रोज तीन-तीन तास असे बसणाऱ्याची कंबर कुरकुरू लागते. म्हणून आजकाल पुष्कळ वादक दोन्ही पाय जमिनीवर ठेवून मांडी आणि गिटार यांच्यामध्येच एक उशी किंवा चौकट ठेवतात. वाद्य उंच होते, माणूस वाकडा होत नाही. मला हेच अधिक पटते. बाजारातली उशी आणायची गरज नाही. जुन्या गोधडीची घट्ट घडी डाव्या मांडीवर ठेवली तरी काम भागते. कापड मात्र सुती हवे, गुळगुळीत कापडावरून गिटार सरकते.

दुसरी रीत उजव्या मांडीची. पोलादी तारांची मोठ्या पेटीची गिटार घेऊन गाणी म्हणणारी मंडळी बहुधा अशीच बसतात, आणि तुमच्या गावातल्या मुलालाही आधी हेच सुचेल, कारण यात काही मांडामांड नाही. साधी गाणी वाजवायला काही वाईटही नाही. धोका एवढाच, की मान आडवी होते आणि हळूहळू खाली झुकते. मग तिला वर धरायला डावा हात धावतो, डावा खांदा पुढे येतो, कंबरेत पीळ पडतो. यावर सोपा उपाय आहे. उभे राहून वाजवताना गळ्यात घालतात तो पट्टा बसल्यावरही घाला, आणि असा आखडा करा की उभे राहिल्यावर आणि बसल्यावर गिटार छातीपाशी एकाच उंचीला राहील. बसून वाजवणाऱ्याने पट्टा लावणे म्हणजे नवशिकेपणा, असे कॉलेजातली पोरे समजतात. समजू देत.

फ्लामेंकोचा जगप्रसिद्ध वादक पाको दे लुसिया (१९४७–२०१४) उजवा पाय डाव्यावर टाकून त्या मांडीवर गिटार ठेवी. त्याचे पाहून अनेकांनी तसे बसायला सुरुवात केली. पण या बैठकीत पायाला लवकर मुंग्या येतात. त्याची बोटे काही आपल्याला नाहीत. तेव्हा त्याचा पायही एवढ्यात उचलू नये.

आता मी मनगटाबद्दल एवढा का बोलणार आहे, ते तुम्हाला आधी करून पाहूनच कळेल. गिटार बाजूला ठेवा. हात समोर सरळ धरा आणि मूठ घट्ट आवळा. मग मूठ सोडून मनगट आतल्या बाजूला पुरते वाकवा, आणि तसेच वाकवलेले ठेवून पुन्हा मूठ आवळा. आवळत नाही ना? जोरच लागत नाही. मनगटाच्या आतल्या अंगाला हाडांची एक अरुंद खिंड आहे. बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मोठा मज्जातंतू त्या खिंडीतून हातात उतरतात. मनगट वाकवले की खिंड आवळते आणि मज्जातंतू तिच्यात सापडतो. गिटारची मान आडवी किंवा खाली झुकलेली असेल, तर तारांपर्यंत पोहोचण्यासाठी मनगट असेच वाकवावे लागते. वर त्याच वाकलेल्या मनगटाने तारा दाबायच्या, आणि अंगठ्याने मागून मान धरूनही ठेवायची! एका हाताला तीन कामे लावली, की तो एकही धड करत नाही. मान वर चढवली, तर तेच मनगट जवळजवळ सरळ होते, कोपर अंगाशी सैल लोंबते, आणि काल जी पट्टी बोटांना येत नव्हती ती आज येते. बोटे कालचीच असतात.

हा फरक ज्याला कोणी सांगत नाही, तो आपल्या बोटांना दोष देतो.

अजून एक खोड सर्वांना असते. तारा दिसाव्यात म्हणून गिटारचे तोंड वर करायचे, ताटासारखे. तसे केले की मानेची मागची बाजू आणखी दूर जाते आणि मनगट आणखी वाकते. शिवाय बघणाऱ्याचे डोके खाली जाते ते जातेच. गिटारचे तोंड समोर असू द्या. मानेच्या वरच्या कडेला, वादकाकडच्या बाजूस, बहुतेक गिटारींना लहान ठिपके असतात. कितवा पडदा ते त्यावरून कळते. ते पाहावेत, तेही वाकून नव्हे, नजर खाली करून. आणि मोबाइल पाहूनच शिकायचे असेल, तर तो पुस्तकांच्या चळतीवर, डोळ्यांच्या पातळीला ठेवा. आमच्याकडे तो धान्याच्या डब्यावर ठेवतात, छान दिसतो.

आता तुमच्यातल्या कोणाच्या मनात आले असेल, की खुर्ची, ठोकळा हे सगळे कशाला? आपण मांडी घालून जेवतो, भजन करतो, पेटी वाजवतो. गिटारही तशीच वाजवू. प्रश्न रास्त आहे. मांडी घालून उजव्या मांडीवर गिटार ठेवता येते, आणि पंधरा मिनिटे बरेही वाटते. पुढे मात्र कंबर मागे कलंडते आणि पाठ पुन्हा गोल होते. बुडाखाली एक पाट किंवा घोंगडीची जाड घडी घेतली, गुडघे कमरेपेक्षा खाली राहिले, आणि पट्टा लावला, तर वेळ वाढतो. पण अशा गिटारीला खुर्चीच मानवते, हे माझे मत मी सोडणार नाही.

मांडी घालून वाजवायची गिटार वेगळी आहे, आणि तिची हकीकत मोठी मौजेची आहे. हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकांनी गिटार आडवी, तोंड वर करून मांडीवर ठेवली आणि बोटांऐवजी पोलादी कांडी तारांवरून घसरवायला सुरुवात केली. जोसेफ केकुकू (१८७४–१९३२) या तरुणाचे नाव त्या संदर्भात घेतात. पडदे दाबायचेच नाहीत, सूर सलग वाहतो. आपल्या मींडेला हे किती जवळचे! म्हणून ही हवाई गिटार भारतात आली ती इथलीच झाली. व्हॅन शिप्ले, हजारासिंग यांच्या सिनेगीतांच्या तबकड्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) यांनी तिच्यावर रागसंगीत आणले. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काबरांची गिटार एकत्र आहेत. पुढे विश्वमोहन भट यांनी तिला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा केली आणि १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळवले. तेही मांडी घालून, वाद्य मांडीवर आडवे घेऊनच वाजवतात. इथे प्रश्नच मिटला. मांडी हेच टेबल. वाद्य पडायला जागा नाही, दोन्ही हात वरून काम करतात. सोरने टेबलाच्या कोपऱ्यावर जे शोधले, ते आपल्याला बसल्या जागी सापडले. म्हणून ज्या मुलाला मुळात राग वाजवायचे आहेत, मांडी घालून बसायची सवय आहे, त्याला ही गिटार दाखवा. मात्र त्याच्याही खांद्यांवर लक्ष ठेवा. वरून वाकून वाजवण्याचा मोह तिथे असतोच.

आणि आता ती मुलगी.

माझ्या वर्गात ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, घाटाखालच्या एका गावातून आलेली, अंगाने लहानखुरी. तिने साठवलेल्या पैशांतून एक गिटार घेतली होती आणि मी वाजवतो हे ऐकून ती शनिवारी दुपारी आमच्या घरी येऊ लागली. गिटार मोठ्या पेटीची होती. ती मांडीवर घेतली की तिचा उजवा खांदा वर चढायचा, कारण हात पेटीवरून पलीकडे पोहोचवावा लागे. तारांवर बोट ठेवायला ती पुढे वाके. बसायला आमची पाहुण्यांची खुर्ची. तीत तिची पावले जमिनीला जेमतेम लागत. हे सगळे मला दिसत होते. ते पाहायचे असते, हेच ठाऊक नव्हते. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, “सर, मनगट दुखतं, करंगळी बधिर होते.” मी म्हणालो, “सुरुवातीला सगळ्यांचंच दुखतं. सवय होईल.” दोन महिन्यांनी ती आली ती बोटे चोळतच. “सर, माझ्या हातात ते नाही,” एवढे बोलली आणि गिटार विकून टाकली. मीही मनात म्हटले, असते एकेकाला, नसते एकेकाला. शिक्षकाला हे वाक्य फार सोयीचे पडते.

गोव्याची ती संध्याकाळ यानंतर दोन वर्षांनी आली. परतीच्या गाडीत मला त्या मुलीच्या पायांची पावले दिसू लागली, जमिनीपासून अधांतरी.

शिक्षकांनो, तुमच्या शाळेत आता कोणी ना कोणी गिटार घेऊन येते. देणगी म्हणून मिळते, एखाद्या मुलाचा मामा शहरातून आणतो. तेव्हा दोन दुखण्यांतला भेद ध्यानात ठेवा. बोटांच्या टोकांची आग होते, ती सर्वांना होते. काही आठवड्यांत तिथे घट्टा पडतो आणि ती जाते. विळा, खुरपे धरणाऱ्या हातांना हे सांगायला नको. पण मनगट, कोपर, खांदा, पाठ दुखणे, बोटे बधिर होणे, मुंग्या येणे, यांना सवय नावाचे औषध नाही. तिथे वाजवणे थांबवायचे, बसणे तपासायचे, आणि तरीही राहिले तर डॉक्टरांना दाखवायचे. वीस-पंचवीस मिनिटांनी उठून एक फेरी मारायला लावा. आणि मुलाला वाद्य मापाचे द्या. मोठ्यांच्या गिटारीत तारेची वाजणारी लांबी साधारण ६५ सेंटिमीटर असते. पाऊण मापाच्या गिटारीत ती ५८ च्या आसपास येते, आणि पेटीही पातळ, आटोपशीर असते. वडिलांची वहाण पोराच्या पायात घालून आपण त्याला शर्यतीत उतरवत नाही.

ती मुलगी आता एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. ती हकीकत मी तिला पत्राने कळवली होती. चूक माझी होती, हात तिचा नव्हे, असे स्पष्ट लिहिले होते. पुष्कळ दिवस उत्तर नव्हते. मग गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला. शाळेला एक लहान गिटार मिळाली होती, आणि चौथीतल्या एका मुलाने तिची पाठच धरली होती. स्वतःबद्दल ती काही बोलली नाही. विचारले एवढेच, “सर, त्याला बसवू कसं? शाळेत लाकडी ठोकळा नाही.”

मी म्हणालो, “विटा आहेत?”

विटा सगळ्या शाळांत असतात. साधी भाजलेली वीट सपाट ठेवली तर सुमारे ७ सेंटिमीटर उंच होते, कडेवर उभी केली तर ११. चौथीच्या मुलाला आधी उंची कमी असलेले बाक शोधा, म्हणजे दोन्ही पावले जमिनीला पूर्ण टेकतील; तसे नसेल तर दोन्ही पायांखाली फळी द्या. मग डाव्या पायाला एक वीट, सपाट. तिच्यावर गोणपाटाचा तुकडा बांधा, म्हणजे पाय खरचटणार नाही आणि घसरणारही नाही. वीट डुगडुगते का, ते आधी स्वतःच्या पायाने पाहा. मग मुलाला बसवा, गिटार द्या, आणि त्याला म्हणा, दोन्ही हात काढ बघू.

पलीकडून थोडा वेळ आवाज आला नाही. विटा ओढल्याचा खरखराट तेवढा ऐकू येत होता. मग ती म्हणाली, “थांबा सर, आधी मीच बसून बघते.”